चांदणी टांगलेलं घर

कोल्नला ग्लास एवढासा होता
की वाटलं, तहानेची थट्टाच चाललीय.
निळ्या एप्रनमधला वाढपी न विचारता
रिकामा उचलायचा, भरलेला ठेवायचा,
पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलची एक रेघ.
सात रेघा झाल्यावर शेजारच्यानं सांगितलं,
चकती ग्लासवर झाकण म्हणून ठेव,
नाहीतर हा थांबायचा नाही.
पंगतीत पानावर हात आडवा धरावा, तशी मी ती ठेवली.

बाम्बेर्गला काळपट बिअर नाकाशी आली
आणि वाटलं, आत स्वयंपाकघरात काहीतरी लागलंय.
बीचच्या लाकडाचा धूर, मुरलेला.
“तिसऱ्या ग्लासला आवडायला लागते,”
टेबलाखालच्या म्हाताऱ्या कुत्र्याला पाव चारत
समोरची बाई म्हणाली.
मला दुसऱ्यालाच आवडली. तिला बोललो नाही.

पण सांगायचंय ते याच्या पुढचं.
पूर्वेला, चेक सीमेच्या अलीकडे,
जिथं आगगाडी दोनच डब्यांची उरते,
त्या गावात सगळ्यांची मिळून एक भट्टी आहे.
(भट्टी हा शब्द आमच्याकडे पोलिसांच्या तोंडी असतो.
इथं तिची किल्ली पाद्रीबाबांच्या शेजारणीकडे.)
उकळलेला गोड रस ट्रॅक्टरमागच्या टाकीतून
ज्याच्या त्याच्या तळघरात जातो,
गारठ्यात आंबत पडतो, कुणाच्याही घाईत नसलेला.
मग ज्या घराची पाळी, त्या घरावर
काठीला सहा टोकांची चांदणी लटकते.
तेवढंच आमंत्रण.

त्या शुक्रवारी चांदणी ग्राडलांकडे होती.
लांब बाकावर मला सरकून जागा मिळाली,
एका बाजूला छपरं शाकारणारा कोर्बिनिअन,
दुसऱ्या बाजूला एगिड, पस्तीस वर्षं टपाल वाटलेला,
आणि बाकीचे सगळे
आपापल्या ग्लासात बघत गप्प.

बिअर पहिल्यांदाच वाल्बुर्गाच्या हातची होती.
गेल्या हिवाळ्यापासून ओटमारचा, तिच्या बापाचा, हात कापतो,
मोजताना हॉप्स जमिनीवर सांडायला लागले होते.
तो दाराकडे पाठ करून बसला होता,
पुढ्यात ग्लास, न उचललेला.
ती नळाशी उभी. एकच ग्लास पुसत होती, कधीची.

न गाळलेली, गढूळ, जुन्या मधाच्या रंगाची.
आधी पावाच्या कडेचा वास,
मग काहीच नाही,
मग मेथीची भाजी खाऊन झाल्यावर
जिभेच्या मुळाशी उरतो तो कडवटपणा,
जो आणखी एक घास मागतो.

एगिडनं घोट घेतला. मिशी पुसली.
खिडकीबाहेर पाहिलं, जणू तिथं अजून एक पत्र द्यायचं राहिलंय.
“पास्त शो,” म्हणाला.
“पास्त शो,” कोर्बिनिअन.
मग चुलीजवळची क्रेसेन्झ, मग कोपऱ्यातले दोघं भाऊ,
आणि बाकांवरचा आवाज एकदम परत आला.

समोरच्या मास्तरीणबाईंनी मला हळूच उलगडून सांगितलं,
“म्हणजे, चालतंय. आमच्याकडे याच्यावर शब्द नाही.”
मला उलगडायची गरज नव्हती.
मी अशा माणसांत वाढलो
जी बोर्डात आलेल्या पोराला “बरं केलंस” म्हणतात,
आणि सणाच्या पोळीची चौथी घडी मोडताना
“वाईट नाही झाली.”

शेवटची गाडी आठ पंचावन्नला होती.
चकतीची आठवण झाली, हातातही घेतली,
उलटीपालटी केली आणि खालीच ठेवली.

तेवढ्यात ओटमार उठला.
अंगणात गेला. वाऱ्यानं फिरलेली चांदणी
काठीनं नीट रस्त्याकडे तोंड करून लावली.
दोनदा लावावी लागली, हातामुळे.
आत आला. उभ्या उभ्याच अर्धा ग्लास प्यायला.
“हॉप्स जरा जास्त झालेत,” म्हणाला,
उरलेला अर्धा संपवला,
आणि रिकामा ग्लास
दोन्ही हातांनी धरून
तिच्यापुढे केला.